गाळलेल्या जागा भरणारा

आमच्या कंपनीत त्याला सगळे योगी म्हणत. नवा लागलेला माणूस समजे, हे गृहस्थ पहाटे उठून आसनं करत असतील. तसलं काही नव्हतं. आसन म्हणाल तर एकच, खुर्चीतलं, आणि तेही सकाळी घातलं की संध्याकाळी मोडायचं. नाव पडलं होतं ते शब्दयोगी अव्ययावरून. 'वर', 'खाली', 'साठी', 'पर्यंत' हे शब्द मराठीत दुसऱ्या शब्दाला मागून चिकटतात. इंग्रजीत हीच मंडळी शब्दाच्या आधी येऊन उभी राहतात. इन, ऑन, ॲट, बाय, फॉर. यांतल्या कुणाला कुठे उभं करायचं हे आमच्याकडे बाकीचे अंदाजाने ठरवत आणि तो खात्रीने ठरवी.

कंपनी लोकांचा माल थंड गोदामात ठेवायची. मी हिशेब विभागात, तो पत्रव्यवहारात, आणि मध्ये छातीइतक्या उंचीची लाकडी भिंत. राहायलाही कंपनीचीच इमारत, तो वरच्या मजल्यावर आणि मी त्याच्या बरोबर खाली. त्यामुळे हा माणूस मला ऑफिसातही ऐकू यायचा आणि घरीही.

त्याचं बस्तान बसलं ते एका भांडणातून. एका कारकुनाने परदेशी गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं होतं. सांगायचं होतं की शुक्रवारपर्यंत तुमचा माल उचला, पुढे आमची जबाबदारी नाही. आता 'शुक्रवारपर्यंत उचला' आणि 'शुक्रवारपर्यंत ठेवू', दोन्हीकडे आपल्याला एकच 'पर्यंत' पुरतो. इंग्रजीला पहिल्या ठिकाणी 'बाय' लागतो, दुसऱ्या ठिकाणी 'अंटिल'. कारकुनाने उलट केलं. गिऱ्हाइकाने असा समज करून घेतला की शुक्रवार येईस्तोवर रोज थोडा थोडा माल नेला तरी चालेल. उरलेला माल गोदामात सडला आणि प्रकरण आमच्या गळ्यात आलं. योगी तेव्हा नवाच होता. त्याने साहेबांना ती जागा दाखवली, आणि त्यानंतर हुकूम निघाला की इंग्रजी पत्र योगीच्या नजरेखालून गेल्याशिवाय दाराबाहेर जायचं नाही.

हुकूम निघाला की माणसं त्यातून आपली सोय शोधतात. टायपिस्ट मंडळींनी या शब्दांचा विचार करणंच सोडून दिलं. जिथे शंका तिथे ती कोरी जागा सोडायची, आणि शंका सगळीकडेच असायची. योगी मसुदा हातात घेऊन टायपिस्टच्या टेबलाशी उभा राही, मोठ्याने वाचू लागे, आणि कोरी जागा आली की पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टेबलावर टक् करून थांबे. टायपिस्टने शब्द सांगायचा. चुकला की पुन्हा टक्. बरोबर येईपर्यंत वाक्य पुढे सरकत नसे. तो कधी कुणावर ओरडला नाही. पण ती टक् ऐकून घाम फुटलेली माणसं मी पाहिली आहेत.

एक टायपिस्ट बाई मोठ्या खोडकर होत्या. त्यांनी एकदा विचारलं, "योगीबुवा, नवऱ्याशी भांडायचं असेल तर 'विथ' घालू की 'अगेन्स्ट'?"

सगळा विभाग कान टवकारून बसला. योगीने चेहरा जराही न हलवता सांगितलं, की 'फाइट विथ' म्हटलं तर तुम्ही नवऱ्याच्या बाजूनेही लढत असाल, तेव्हा संशय नको असेल तर 'अगेन्स्ट' घाला. बाई म्हणाल्या, त्यांच्या बाजूने लढायला सासूबाई आहेत. विभाग हसला. योगी हसला नाही. तो पुढच्या कोऱ्या जागेवर गेला होता.

मी त्याला एकदा म्हटलं होतं, की एवढं येतं तर नियम लिहून भिंतीवर लाव, दोन महिन्यांत सगळी तयार होतील. तो म्हणाला, नियमाने माणूस पोपट होतो, कान तयार व्हायला हवा. मी म्हटलं, कान तयार झाले तर तुला कोण विचारणार, खरं ते सांग. यावर तो हसला आणि मला म्हणाला, "तू तिजोरीची किल्ली खुंटीला टांगून घरी जातोस का?"

त्याला बढती मिळाली नाही, कधीच. साहेब बदलत गेले, प्रत्येक नवा साहेब त्याचं कौतुक करी आणि त्याला तिथेच ठेवी. तो तिथून हलला तर पत्रांचं काय, असा प्रश्न असायचा. स्वतःला गरजेचं करून ठेवल्याची ही शिक्षा होती, पण त्याला ती मानाची जागा वाटे. ऑफिसात जे कमी पडलं ते तो घरी वसूल करू लागला.

घरात तिघंच. तो, वहिनी आणि मुलगी. मुलीला वहिनी साळू म्हणत, साळुंकीसारखी अखंड बडबडते म्हणून. जिन्यावरून उतरतानासुद्धा ती पायऱ्यांशी बोलायची. आमच्याकडे आली की माझ्या बायकोला सकाळपासूनचं सगळं तिखटमीठ लावून सांगायची, आणि मध्येच, "काकू, मी कुठे होते?" असं विचारून पुन्हा मागे जायची.

ती शाळेत जरा वरच्या वर्गात गेली आणि योगीने जेवणाच्या टेबलावर नियम आणला. ताटात जे हवं ते इंग्रजीत मागायचं, पूर्ण वाक्यात. अडनिड्या जागी तो बोटाने टेबलावर टक् करी. जागा बरोबर भरली की भांडं पुढे सरके. नियम वहिनींनाही होता. वहिनी शिकलेल्या होत्या, पण त्यांना त्या खेळाचा कंटाळा होता. त्यांनी सोपा मार्ग काढला आणि मागणंच बंद केलं. एकदा माझी बायको त्यांच्याकडे जेवायला होती. भाजी साफ अळणी. तिने दबक्या आवाजात विचारलं, मीठ राहिलं का? वहिनी म्हणाल्या, "मीठ यांच्या बाजूला आहे हो. एवढ्यासाठी कोण परीक्षा देणार?"

मुलीने मात्र खेळ उचलला. ती हुशार होती, आणि बाप तिच्याकडे पूर्ण लक्ष देऊन बघतो अशी तेवढीच एक वेळ होती. हळूहळू खेळाची बाजू उलटली. ती वाक्य सुरू करी, शंकेच्या जागी स्वतःच बोटाने टेबलावर टक् करी, आणि बाबांकडे बघे. योगी शब्द टाकी. ती पुढे जाई. पुन्हा टक्, पुन्हा शब्द. पाहुण्यांना याची फार गंमत वाटे. एखादी जुगलबंदी ऐकावी तसे लोक ऐकत. योगीची छाती फुगलेली असे. तो म्हणायचा, "आमच्या दोघांचं मिळून एक वाक्य होतं."

यात काही वाईट आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. वहिनींच्या मात्र पुढे लक्षात आलं की साळू इंग्रजीत एकटी बोलत नाही. कॉलेजात इंग्रजी बोलायची वेळ आली की घसा दुखतो म्हणायची. लिहायला द्या, पानंच्या पानं लिहून द्यायची. लिहिताना जागा कोरी सोडून पुढे जाता येतं आणि मागाहून भरता येते. बोलताना तसं करता येत नाही.

साळूने शिक्षण घेतलं ते कृत्रिम हातपाय बनवण्याचं. हा धंदा तिला कुणी सुचवला नव्हता. ती एकदा मैत्रिणीबरोबर तसल्या कार्यशाळेत गेली आणि तिथेच रमली. प्लास्टरचा साचा घेणं, कानस मारणं, पट्टे बसवणं, सगळ्यात तिचा हात बसला. गावातल्या कार्यशाळेत तिला काम मिळालं. पण तिथे बनत ते ताठ हात. बाही भरलेली दिसावी एवढाच त्यांचा उपयोग. तिला बोटं मिटणारा हात शिकायचा होता. एका जुन्या हाताचे तुकडे करून, तारा ओढून, तिने स्वतःच्या डोक्याने एक हात बनवला होता, ज्याचा अंगठा पेला धरत असे. त्याच्या पुढचं तिला इथे शिकवणारं कुणी नव्हतं.

ते शिकवणारी एक परदेशी संस्था होती. तिची माणसं येऊन मुलाखती घेणार होती आणि इथून एकीलाच नेणार होती. शिक्षण, मग तिथेच नोकरी. वयाची अट अशी की साळूला ही पहिली आणि शेवटची संधी होती. ती माझ्या बायकोजवळ बोलली होती, की हे झालं नाही तर मी जन्मभर ताठ हात बनवत बसेन, काकू, आणि माणसं मला धन्यवाद देत राहतील, ते मला सहन होणार नाही.

अर्ज गेला. हाताचे फोटो गेले. बोलावणं आलं. योगीने तयारी हातात घेतली.

आता रोज संध्याकाळी वरच्या मजल्यावरून टक् टक् ऐकू येऊ लागली. तो प्रश्न विचारी, ती उत्तर सुरू करी, आणि मग आमच्या छतावर सुतारपक्षी बसल्यासारखं चाले. 'इन टाइम' आणि 'ऑन टाइम' यांतला फरक त्याने एक पूर्ण संध्याकाळ घोटून घेतला. पहिल्यात वेळ हातात राखून पोचणं, दुसऱ्यात ठरल्या घटकेला पोचणं. 'ॲट द एंड' आणि 'इन द एंड' वर दुसरी संध्याकाळ गेली. मुद्दे सगळे बरोबर होते. त्या विषयात तो चुकलेला मी कधीच पाहिला नाही.

एक दिवस वहिनी खाली आल्या. त्या सहसा काही मागायच्या नाहीत, हे सांगितलंच. म्हणाल्या, "भावजी, यांना तुम्ही सांगा. तिला एकटीला बोलू द्या म्हणावं. चुकू द्या. माझं ऐकणार नाहीत."

मी दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये विषय काढला. मुलाखतीत तू नसणार, मग तू नसताना ती बोलते का हे एकदा बघ, एवढंच म्हणालो. योगीने कप खाली ठेवला. त्याने मला शांतपणे समजावलं, की समोरचा माणूस पहिली चूक ऐकतो आणि त्यानंतर पुढचं काही ऐकत नाही, हे तो जन्मभर बघत आलाय. तू आकड्यांतला माणूस आहेस, तुला एक आकडा चुकलेला चालतो का? मी म्हटलं, आकडा चुकला तर मी खोडून दुसरा लिहितो, काम थांबवत नाही. तो म्हणाला, "मुलाखतीत खोडरबर नसतं."

मुलाखतीच्या दिवशी त्याने रजा काढली आणि मलाही काढायला लावली. गाडी माझ्याकडे होती, आणि एकट्याने बाहेर बसणं जमणार नाही म्हणाला. वहिनी घरीच थांबल्या. निघताना त्यांनी मुलीचा हात धरला आणि सोडला.

एका हॉटेलात, बैठकीच्या खोलीत मुलाखती होत्या. दाराच्या वरच्या भागाला काच होती. आवाज बाहेर येत नव्हता, माणसं दिसत होती. टेबलापलीकडे एक परदेशी बाई, एक परदेशी गृहस्थ आणि इथलेच एक डॉक्टर. साळू आम्हाला बाजूने दिसत होती. मी बाकावर बसलो. योगी उभाच राहिला.

सुरुवात चांगली झाली. साळूने आपला हात पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. तिघांनी तो आलटून पालटून पाहिला. बाईंनी तार ओढली, अंगठा मिटला, आणि बाई चक्क हसल्या. त्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून सांधा जवळून पाहिला. योगी मागे न वळता मला म्हणाला, बघ.

मग बाईंनी हात बाजूला ठेवला, कोपरं टेबलावर टेकली आणि काहीतरी विचारलं. साळू बोलू लागली. चार शब्द झाले असतील नसतील. ती थांबली. तिचं बोट वर उचललं गेलं आणि टेबलावर आपटलं. तिने मान वर करून समोर पाहिलं.

समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फॉर," योगी म्हणाला.

अगदी हळू म्हणाला, पण म्हणाला. आत ती पुन्हा बोलू लागली, पुन्हा थांबली, पुन्हा बोट. "इन," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "नाही. ॲट." त्याला तिचं वाक्य ऐकू येत नव्हतं. तिच्या ओठांवरून तो अंदाज बांधत होता. मी उठून त्याचा दंड धरला, खाली बस म्हटलं. दंड लाकडासारखा लागला. आत बाईंनी काय समजून कोण जाणे, पाण्याचा ग्लास उचलून साळूसमोर सरकवला. टेबलावर आपटणाऱ्या बोटाचा त्यांनी तोच अर्थ लावला असणार. साळू पाणी प्यायली. ग्लास खाली ठेवला. बोट पुन्हा वर गेलं.

थोड्या वेळाने डॉक्टर एकटेच बाहेर आले. मुलीचे वडील कोण विचारलं आणि योगीला जरा बाजूला घेतलं. माणूस भला होता. म्हणाले, हात तर अप्रतिम केलाय, आतापर्यंत असं काम दुसऱ्या कुणी आणलेलं नाही. पण तिथे तिला घाबरलेल्या रुग्णांशी बोलावं लागेल, त्यांना धीर द्यावा लागेल. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तिला बोलण्याचा काही त्रास आहे का? लहानपणापासून? असेल तर मोकळेपणाने सांगा. तशी नोंद करता येते, लेखी उत्तरं घेता येतात."

सांगण्यासारखं होतं, आणि दोन वाक्यांत सांगून झालं असतं. घरी अशी सवय आहे, ती माझ्यामुळे लागली आहे.

"माझ्या मुलीला काही त्रास नाही," योगी म्हणाला. "तिचं इंग्रजी उत्तम आहे."

"इंग्रजीचं नाही विचारत हो मी. चुकत बोलली असती तरी आम्हाला चाललं असतं. ती बोलतच नाहीये."

योगीने विचारलं, "कुठल्या वाक्याला थांबली?"

डॉक्टर वळले आणि आत गेले.

परतताना गाडी मी चालवत होतो, योगी शेजारी, साळू मागे. तो हात मांडीवर ठेवून तिचं वाक्य विचारत होता. कुठलं वाक्य होतं ते सांग, म्हणजे काय हवं होतं ते मी सांगतो. ती खिडकीबाहेर बघत होती. त्याने तेच दुसऱ्या शब्दांत विचारलं. मी गाडीचा हॉर्न उगाचच वाजवला. त्याने तिसऱ्यांदा विचारलं, कुठे अडकलीस?

"अडकले नाही, बाबा. थांबले होते."

"कशाला?"

"तुम्ही सांगाल म्हणून."

दोन चौक मागे पडले. मग योगी म्हणाला, "पण मी तर बाहेर होतो."

"हो," ती म्हणाली. "ते मला कळत होतं. बोट ऐकत नव्हतं."

नकार आला तो नेहमीच्या सभ्य भाषेत. योगीने तो उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाला की पत्र नीट लिहिलंय, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. त्याच आठवड्यात त्याने साळूच्या नावाने फेरविचाराचा अर्ज लिहिला. मला आणून दाखवला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात देखणं पत्र असेल. ती का बोलली नाही याची कारणं म्हणून खोलीतली हवा, रस्त्यावरची वर्दळ, आदल्या दिवसाचा ताप, सगळं होतं. ताप कुणालाच आला नव्हता. बोटाबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

साळूने ते वाचलं आणि सही करायला नकार दिला. मी तिथेच होतो. ती आवाज न चढवता एवढंच म्हणाली, "यात माझं एकही वाक्य नाही." योगीने समजूत घातली, चिडला, मग वहिनींना म्हणाला की तुझी लेक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय. वहिनी म्हणाल्या, "तिच्या पायावर पाडायला तुम्ही धोंडा कुठे शिल्लक ठेवलाय?" त्या घरात वहिनींना असं बोलताना मी प्रथमच ऐकलं.

दोन दिवसांनी साळू खाली आमच्याकडे आली. तिच्याजवळ तिने स्वतः लिहिलेलं पत्र होतं. बाबांना न सांगता पाठवायचं होतं, त्याआधी कुणीतरी वाचावं असं वाटलं म्हणाली. पत्र लहान होतं. घरी माझी वाक्यं नेहमी दुसरं कुणी पूर्ण करत आलं, म्हणून मी तुमच्यासमोर थांबत होते. मला एकदा पुन्हा बोलवा. मी चुकेन, पण थांबणार नाही. असं सरळ लिहिलं होतं. योगीच्या शेजारी इतकी वर्षं काढल्यावर माझ्यासारख्यालाही तीन-चार ठिकाणी खटकलं. 'ॲट' हवा तिथे 'इन' होता, 'सिन्स' हवा तिथे 'फॉर'.

"काका, चुका आहेत ना?"

मी म्हटलं, आहेत.

"राहू देत," ती म्हणाली आणि पाकीट चिकटवलं.

उत्तर आलं ते त्या परदेशी बाईंच्या हस्ताक्षरात. तुझं पत्र वाचलं आणि प्रत्येक वाक्य समजलं. त्या दिवशी तू असं काही बोलली असतीस तर आम्ही दुसऱ्या कुणाचा विचारही केला नसता. आता जागा दुसऱ्या मुलीला दिली आहे आणि ती हजरही झाली आहे. पुढच्या वेळी तुझं वय अटीबाहेर जाईल. हा नियम माझ्या हातातला नाही, याचं मला वाईट वाटतं. एवढंच. साळूने ते वहिनींना वाचून दाखवलं, आम्हाला दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत कामावर गेली.

योगीला पत्र गेल्याचं कळलं ते हे उत्तर आल्यावर. ऑफिसात तो मधल्या भिंतीवरून माझ्या टेबलाकडे वाकला. मी समजलो होतो, आता तो काहीतरी बोलेल, मुलीबद्दल, स्वतःबद्दल. तो म्हणाला, "तू वाचलंस ना ते? 'इंटरव्ह्यू'च्या आधी काय घातलं होतं तिने? 'इन' की 'ॲट'?"

मी त्याला म्हटलं, बाईंनी स्पष्ट लिहिलंय, प्रत्येक वाक्य समजलं म्हणून.

"ते लिहायचं असतं," तो म्हणाला. "अशी पत्रं मी आयुष्यभर लिहीत आलोय. गिऱ्हाइकाला कधी खरं कारण सांगतो का आपण? माझ्या हाताखालून गेलं असतं ना, तर..."

पुढचं त्याने मला अनेकदा ऐकवलं. कँटीनमध्ये, जिन्यात, निरोप समारंभाच्या दिवशी गळ्यात हार असताना. एका शब्दाने पोरीचं नुकसान झालं, असं तो सांगे, आणि नवीन टायपिस्ट पोरं माना डोलवत. मी वाद घालायचं सोडून दिलं. त्याच्याकडून ते काढून घेतलं असतं तर त्याच्या हातात दुसरं काय उरणार होतं, हे मला दिसत होतं, आणि तो प्रश्न मी त्याला विचारू शकत नव्हतो.

तो माझ्याआधी निवृत्त झाला, वरची जागा मात्र कंपनीने त्याच्याकडे भाड्याने राहू दिली. माझीही वेळ आता जवळ आली आहे. मी अधूनमधून संध्याकाळी वर जाऊन बसतो. टेबलावर आता टक् होत नाही. कुणी बंद करा म्हणालं नाही. साळू टेबलावर जेवायची बंद झाली, मग खेळायला दुसरं कोण होतं? ती आणि वहिनी आत स्वयंपाकघरात जेवतात. बाबांनी काही विचारलं तर ती उत्तर देते, तुसडेपणा करत नाही. हो, नाही, बघते, ठेवलंय. एका शब्दात पुरं होईल असंच बोलते. त्यात कुणाला काही भरायला जागा राहत नाही.

परवा मी गेलो तेव्हा ती नुकतीच कामावरून आली होती. योगीने विचारलं, आज उशीर झाला? ती म्हणाली, काम होतं, आणि आत गेली. मी पेन्शनच्या कागदांबद्दल काही सांगत होतो. आतून भांड्यांचा आवाज आला आणि मग तिचं बोलणं सुरू झालं. कुणा म्हाताऱ्याचा हात बसवताना काय गोंधळ उडाला, त्याची सून काय म्हणाली, ते ती सांगत होती. शब्द नीट कळत नव्हते, पण ओघ कळत होता. मध्येच वहिनी हसल्या.

योगीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जरा गप्प बस," तो म्हणाला. "ती बोलतेय."

मी गप्प बसलो. तो मान किंचित आतल्या बाजूला वळवून, डोळे जमिनीला लावून ऐकत राहिला. थोडा वेळ गेला. मग आतलं बोलणं बारीक झालं आणि थांबलं. बाहेर कुणी बोलत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.